दहशतवादाशी लढताना सगळ्यांत लांब पोचतो तो पुरावा

प्रश्न डोंबिवलीच्या एका तरुणाचा आहे. तो एमपीएससीची तयारी करतोय, पीएसआय व्हायचंय. त्याने लिहिलंय: ‘पहलगाममध्ये आमच्या डोंबिवलीचे तिघे गेले. तेव्हापासून गल्लीत, क्लासमध्ये एकच ऐकू येतं, की पलीकडून येणाऱ्या दहशतवादावर घुसून मारणं हाच एक इलाज. खटले, करार, संयुक्त राष्ट्रं हे सगळं कागदी. तुमचं आयुष्य तपासात गेलं, तुम्हाला काय वाटतं? आणि साध्या पोलीस अधिकाऱ्याच्या हातात यात काही असतं का?’

तुमचा राग रास्त आहे आणि तो विझावा म्हणून मी लिहीत नाही. लष्करी कारवाईला या लढाईत जागा आहेच. ७ मे २०२५ रोजी पाकिस्तानातल्या बहावलपूर आणि मुरीदकेच्या तळांवर मारा झाला, तेव्हा हल्ले घडवून आणणाऱ्यांना किंमत मोजावी लागली. एरवी मेले ते त्यांनी पाठवलेले पोरगे, पाठवणारे सुखरूप राहिले. पण क्षेपणास्त्र इमारत पाडतं. शिकागोत बसून ताजच्या रेकीला हातभार लावणारा, इटलीतून इंटरनेट फोनचे पैसे भरणारा, रायगडच्या किनाऱ्यावर लाच घेऊन पाठ फिरवणारा सरकारी नोकर, यांच्यापर्यंत ते पोचत नाही. त्यांच्यापर्यंत पोचतो पुरावा. आपल्या न्यायाधीशासमोर टिकेल आणि परक्या देशातल्या न्यायाधीशालाही नाकारता येणार नाही असा. नोकरीभर पाहिलेल्या कामातून मला पटलेली मुख्य गोष्ट हीच.

२६/११ घ्या. दहा जण कराचीहून निघाले, वाटेत ‘कुबेर’ ही आपली मासेमारी बोट ताब्यात घेतली, मुंबई जवळ आल्यावर तिच्या तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, मारलं आणि रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत उतरले. १६६ जीव गेले. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. खटला कसा उभा राहिला ते फार थोड्यांना ठाऊक असतं.

कुबेर सापडली तेव्हा तिच्यावर सॅटेलाइट फोन होता, जीपीएस होतं आणि टूथपेस्ट, दाढीचं क्रीम, लोणचं असा पाकिस्तानी बनावटीचा किरकोळ माल होता. शिवाय गुलाबी रंगाचा फोम. शहरात न फुटलेले जे बॉम्ब मिळाले, त्यांतही तसाच गुलाबी फोम निघाला. ज्या कर्मचाऱ्याने बोटीवरचा तो फोम उचलला, पंचांसमोर पाकिटात घातला, त्यांच्या सह्यांची चिठ्ठी लावली, लाखेचं सील ठोकलं, मुद्देमाल रजिस्टरला नोंद केली आणि प्रयोगशाळेकडे रवाना केला, त्याचं नाव कुठल्याही चॅनेलवर आलं नाही. पण बोट, बॉम्ब आणि मारेकरी हे तिन्ही एकाच कटाचे आहेत, हे न्यायालयात दाखवायला तो फोम कामी आला. रबरी होडीच्या यामाहा इंजिनाचा माग एफबीआयने जपानपासून पाकिस्तानापर्यंत काढला. हल्लेखोरांना सूचना देणारे फोन इंटरनेटवरून होत होते. त्या खात्यात इटलीतल्या ब्रेशिया शहरातून भरलेली रक्कम दोन-अडीचशे डॉलरच्या घरातली होती. एफबीआयचे अधिकारी इथे येऊन विशेष न्यायालयात साक्ष देऊन गेले. दुसऱ्या देशाचा तपासनीस आपल्या पिंजऱ्यात उभा राहतो तो मैत्रीखातर नव्हे. आपण जमवलेला माल तपासण्याजोगा आहे अशी त्याची खात्री झाली, म्हणून.

आणि या सगळ्याच्या मुळाशी तुकाराम ओंबळे आहेत. गिरगाव चौपाटीला हातात फक्त लाठी असताना त्यांनी कसाबच्या रायफलीची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि सुटू दिलं नाही. त्यांच्या शौर्याबद्दल पुष्कळ बोललं जातं, बोललं जायलाच हवं. तपासाच्या नजरेतून मला आणखी एक गोष्ट फार मोठी वाटते. त्यांच्यामुळे एक हल्लेखोर जिवंत हाती लागला. दहाच्या दहा मेले असते, तर ‘हे आमचे नव्हेतच’ असं म्हणणाऱ्यांची बाजू कितीतरी सोपी झाली असती.

कसाबचा कबुलीजबाब पोलीस कोठडीतल्या कागदावर राहिला नाही, तो दंडाधिकाऱ्यांसमोर रीतसर नोंदवला गेला. दोषारोपपत्र ११ हजारांहून अधिक पानांचं होतं, साडेसहाशेच्या वर साक्षी झाल्या. सीएसटीवर पायात गोळी लागलेली एक लहान मुलगी कुबड्या घेऊन आली आणि तिने भर न्यायालयात त्याला ओळखलं. त्याला सरकारी खर्चाने वकील दिला, तेव्हा शहरात लोक चिडले होते. त्याला तुरुंगात बिर्याणी मिळते, ही कहाणीही त्याच काळात पसरली. पण त्याच खटल्यात, मदतनीस म्हणून उभे केलेले दोन भारतीय आरोपी विशेष न्यायालयाचे न्या. टहलियानी यांनी सोडून दिले, कारण त्यांच्याविरुद्धचा नकाशाचा पुरावा विश्वास ठेवण्याजोगा वाटला नाही. ती सुटका सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम राहिली. आमच्यातल्या कित्येकांना तेव्हा ते झोंबलं. मला मात्र त्या दोन सुटकांमुळे कसाबची शिक्षा जास्त भक्कम झाली असं आजही वाटतं. हे न्यायालय आधीच ठरवून बसलेलं होतं, असं जगात कुणाला म्हणता आलं नाही.

पुढे काय झालं पाहा. हल्ल्याआधी मुंबईत रेकी केलेल्या आणि शिकागोत पकडलेल्या डेव्हिड हेडलीने २०१६ मध्ये व्हिडिओवरून मुंबईच्या न्यायालयात साक्ष दिली. पाकिस्तानच्या एफआयए या केंद्रीय तपास संस्थेचे माजी प्रमुख तारिक खोसा यांनी २०१५ मध्ये जाहीरपणे लिहिलं, की हल्लेखोरांचं प्रशिक्षण सिंधमधल्या ठट्ट्याजवळ झालं आणि कट त्यांच्याच भूमीवर शिजला. हेडलीला मदत केल्याचा आरोप असलेला तहव्वूर राणा अमेरिकेतल्या एकेका न्यायालयात अर्ज करत राहिला, तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १० एप्रिल २०२५ रोजी त्याला भारतात आणलं गेलं. साडेसोळा वर्षं लागली. हा वेळ संतापजनक आहे. पण त्या वर्षांत आपला कागद कुठे फाटला असता, तर तो आलाच नसता.

आता दुसरी बाजू. ही सांगताना जड जातं, पण तुम्ही खात्यात येणार आहात तर ऐकाच. ११ जुलै २००६, संध्याकाळची गर्दी, पश्चिम रेल्वेच्या लोकलच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट. १८०हून अधिक माणसं घरी पोचली नाहीत. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. कारणं वाचा म्हणजे झोप उडेल. साक्षीदारांनी ओळख पटवली ती शंभराहून अधिक दिवसांनी. ओळख परेड ज्याने घेतली, त्याला ती घेण्याचा अधिकारच उरला नव्हता. बॉम्ब कोणत्या प्रकारचा होता, हेही सिद्ध झालं नाही. जप्त मालाचं सील आणि त्याची ने-आण यांवर भरवसा ठेवता आला नाही. कबुलीजबाब न्यायालयाने विश्वासार्ह मानले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाचा दाखला म्हणून वापर करायला स्थगिती दिली आहे, म्हणजे शेवटचा शब्द अजून व्हायचा आहे. पण चर्चगेटहून सुटलेल्या गाडीत ज्यांचा माणूस गेला, त्यांना एकोणीस वर्षांनी ‘हे कुणी केलं’ याचं उत्तर मिळालेलं नाही. आणि उच्च न्यायालय बरोबर असेल, तर काही जणांची तारुण्याची सगळी वर्षं विनाकारण तुरुंगात गेली आणि खरे गुन्हेगार मोकळे राहिले. दहशतवादी संघटनेला यापेक्षा मोठी भेट कुठली असेल?

मकोका (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा) किंवा टाडासारख्या जुन्या दहशतवादविरोधी कायद्यात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब ग्राह्य धरता येतो. या सोयीने तपासाची फार हानी केली, असं माझं ठाम मत आहे. कबुली हातात आली की बाकीचे धागे शोधायची घाई राहत नाही. मुंबईतल्या मार्च १९९३च्या स्फोटांचा तपास आठवा. वरळीला बेवारस सोडलेली एक मारुती व्हॅन मिळाली, तिच्या नोंदणीवरून पोलीस माहीमच्या मेमन कुटुंबापर्यंत पोचले. नायगावला न फुटलेल्या स्कूटरची चावी त्याच घरात निघाली. गाडीचे कागद आणि एक चावी, एवढ्यावर २५७ जणांचा बळी घेणाऱ्या कटाचं दार उघडलं.

१९९३वरून किनाऱ्याकडे येतो, कारण मुंबईच्या बाबतीत हा विषय सगळ्यात कमी बोलला जातो. आरडीएक्स आलं ते रायगडमधल्या दिघी आणि शेखाडीला, चांदी-सोन्याच्या तस्करीची वाट होती तीच धरून. कस्टम्समधल्या आणि पोलीस खात्यातल्या माणसांनी पैसे घेतले होते. त्यातल्या काहींना पुढे शिक्षा झाली. त्यांतल्या बऱ्याच जणांना वाटलं असणार, नेहमीसारखी चांदी असेल. भ्रष्टाचाराला आपण वेगळ्या रकान्यात टाकतो. किनाऱ्यावर, बंदरात, पासपोर्टच्या पडताळणीत, सिमकार्डाच्या दुकानात तो वेगळा राहत नाही. पाचशे रुपयांत खोटा पत्ता खरा करून देणाऱ्याला आपण कुणासाठी काम करतोय हे माहीतही नसतं.

त्यानंतर पंधरा वर्षांनी माणसं पुन्हा समुद्रातूनच आली. समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो असे इशारे आधी आले होते, ते २६/११ची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीनेही नोंदवलंय. त्या रात्री कटकला भारत-इंग्लंडचा सामना चालू होता, वस्तीत टीव्ही लागलेले होते. तरीही पाठीवर जड बॅगा घेतलेली परकी पोरं होडीतून उतरताना कोळ्यांच्या नजरेतून सुटली नाहीत, त्यांनी हटकलं, कोण तुम्ही, कुठून आलात. पोरांनी उडवून लावलं. किनाऱ्यावरच्या माणसाचा संशय आणि नियंत्रण कक्ष यांच्यात जी पोकळी होती, ती या हल्ल्यातली सगळ्यात महागडी चूक होती.

नंतर बरंच झालं. तटरक्षक दल, नौदल आणि सागरी पोलीस यांचा मेळ बसवला, ‘सागर कवच’ सराव सुरू झाले, कोळ्यांना ओळखपत्रं मिळाली, बोटींचे रंग ठरले. वीस मीटरच्या वरच्या बोटींना एआयएस, म्हणजे बोटीची ओळख आणि जागा आपोआप कळवणारं यंत्र, आलं, लहान बोटींवरच्या ट्रान्सपाँडरचं काम ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरच्या कार्यक्रमातून सुरू झालं. हे सगळं हवंच. पण ससून डॉक, वर्सोवा, माहूल, ट्रॉम्बे इथे जाऊन बसा. पाण्यावर कुणाची होडी ओळखीची नाही, कुठला खलाशी नवा आहे, कुणाचं इंजिन भलत्या वेळी वाजतं, हे रडारच्या आधी तांडेलाला कळतं. त्यालाच रोज पहाटे दरडावून कार्ड मागितलं, बर्फ वितळत असताना अर्धा तास थांबवून ठेवलं, तर तो एक दिवस बघून न बघितल्यासारखं करणार. सागरी ठाण्याच्या अधिकाऱ्याने महिन्यातून दोनदा मच्छीमार सोसायटीत चहाला जावं, डिझेल परताव्याच्या अर्जात अडलं असेल तर एक फोन करावा. तो माझ्या लेखी सुरक्षेचाच भाग आहे.

पैशाचं थोडक्यात सांगतो. मोठमोठ्या रकमा शोधत बसाल तर फसाल, कारण हल्ला स्वस्तात होतो. हवाल्यात नोट हीच पावती असते. दुबईत पैसे जमा होतात, इथे एकाच्या मोबाइलवर दहाच्या नोटेचा फोटो येतो, त्या नंबरची नोट जो घेऊन येईल त्याच्या हातात रोकड पडते. बँकेला पत्ता नाही. म्हणून छाप्यात मळकी दहाची नोट सापडली तर ती खिशातली चिल्लर समजू नका, नंबर पंचनाम्यात लिहा. वरच्या पातळीवर हाच दाब एफएटीएफ ही दहशतवादाच्या पैशावर नजर ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था आणते. जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ पाकिस्तान तिच्या करड्या, म्हणजे नजरेखालच्या देशांच्या, यादीत होतं. त्या काळात लष्कर-ए-तैयबाचा संस्थापक हाफिज सईदला टेरर फायनान्सिंगच्या खटल्यात शिक्षा झाली, त्याच संघटनेचा कमांडर लखवी पुन्हा आत गेला, आणि २६/११च्या सूत्रधारांपैकी ज्या साजिद मीरला आधी मेलेला सांगितलं जात होतं तो जिवंत निघून शिक्षा भोगायला गेला. ही मनापासूनची सुधारणा होती असं मी म्हणणार नाही. कर्ज महाग होईल या धास्तीने झालं, पण झालं. तुमच्या गल्लीत ज्याला ‘कागदी’ म्हणतात, तो हा कागद.

संयुक्त राष्ट्रांबद्दल मात्र तुमच्या मित्रांशी मी बराचसा सहमत आहे. दहशतवादाविरुद्ध सर्वसमावेशक करार व्हावा, हा प्रस्ताव भारताने १९९६ मध्ये मांडला आणि तो अजून व्याख्येवरच अडकलाय. जैश-ए-मोहम्मदचा म्होरक्या मसूद अझहरचं नाव निर्बंधांच्या यादीत घालायचा प्रयत्न २००९ मध्ये सुरू झाला, चीन आडवा येत राहिला, नाव लागलं मे २०१९ मध्ये. दोन देशांमधले प्रत्यार्पणाचे मार्ग जास्त कामाचे ठरतात, पण तिथे दिलेला शब्द पाळावा लागतो. १९९३च्या स्फोटांतला आरोपी अबू सालेमला पोर्तुगालने २००५ मध्ये दिलं ते फाशी नाही आणि पंचवीस वर्षांपलीकडे कैद नाही, या हमीवर. नंतर जादा कलमं लावली गेली तेव्हा तिथल्या न्यायालयांनी प्रत्यार्पणच रद्द ठरवलं आणि ती कलमं मागे घ्यायची वेळ आपल्यावर आली. २०२२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हमी पाळावीच लागेल. काहींना तो कमीपणा वाटला. पण पुढचा फरारी जिथे दडलाय, तिथला न्यायाधीश आपण मागच्या वेळी काय केलं तेच आधी बघतो.

राहिला मोहल्ल्याचा विषय. परदेशी संघटनेला इथे माणूस लागतो. नकाशा, खोली, सिम देणारा. ती भरती दुखावलेल्या मनात होते. १९९२-९३च्या दंगली हे मार्चच्या स्फोटांमागचं एक कारण होतं, असं दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने नोंदवलंय, आणि त्याने स्फोटांचा गुन्हा तसूभर हलका होत नाही. त्याच डिसेंबर-जानेवारीत, आधी १९८४ला होरपळलेली भिवंडी शांत राहिली, कारण पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या करून बीटचा पोलीस आणि रहिवासी यांना कित्येक वर्षं एकत्र बसवलं होतं. २००८च्या नोव्हेंबरनंतर मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानने नऊ हल्लेखोरांना जागा द्यायला नकार दिला. प्रेतं जेजेच्या शवागारात वर्षभराहून अधिक काळ पडून होती. शहरात फूट पाडणं हाही त्या हल्ल्याचा हेतू होता आणि तो मुंबईच्या मुसलमानांनी उधळला. आणि २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या गटाबरोबर इराकला जाऊन आयसिसला मिळाले, तेव्हा धाव घेतली ती घरच्यांनीच. बाप मुलाबद्दल पोलिसांना सांगायला येतो, ही गुप्तवार्तेतली सगळ्यात मोलाची खबर. तो येईल की नाही, हे ठाण्यात त्याला गेल्या वेळी कसं वागवलं यावर ठरतं. संशयावरून दाढीवाल्या पोरांना सरसकट उचलून दिवसभर बसवून ठेवणारा अधिकारी दोन-चार नव्हे, शेकडो बाप गमावतो.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. पीएसआयच्या हातात काय असतं? पहिला तास असतो. घटनास्थळी तुम्ही सगळ्यांच्या आधी पोचाल. नंतर एटीएस येईल, एनआयए येईल, पण दोरी कुठे बांधली, पुढाऱ्यांना आत सोडलं का, अग्निशमनच्या पाण्याखाली काय वाहून गेलं, हे तुमच्या त्या तासात ठरेल. २६/११ नंतर सीएसटीवरच्या सामानाच्या ढिगात जिवंत बॉम्ब ३ डिसेंबरला सापडला, हे विसरू नका. कॅमेरेवाले पुढे घुसतील. चालू कारवाईचं थेट प्रक्षेपण आता नियमानेच बंद आहे, कारण ताजच्या बाहेरची दृश्यं पाकिस्तानात बसलेले सूत्रधार बघत होते. पंच म्हणून ठाण्याच्या दारातले ठेवणीतले दोघे घेऊ नका. उलटतपासणीत ते पाचव्या मिनिटाला उघडे पडतात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचंच आहे, ते पहिल्या मिनिटापासून सलग करा, मध्ये तोडू नका. मोबाइल जप्त केलात तर हॅश व्हॅल्यू (आतल्या माहितीत फेरफार झाला नाही हे दाखवणारा आकडा) आणि साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र त्याच वेळी मार्गी लावा.

परीक्षेच्या आधी दोन निकाल वाचून काढा. कसाब प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २९ ऑगस्ट २०१२चा आणि रेल्वे स्फोटांतला मुंबई उच्च न्यायालयाचा २१ जुलै २०२५चा. दोन्ही लांबलचक आहेत, इंग्रजीत आहेत, पण नेटवर फुकट मिळतात. पहिल्यात कुबेर बोटीवरच्या वस्तूंचा भाग शोधा, दुसऱ्यात जप्ती आणि ओळख परेडचा. वाचताना वहीच्या एका बाजूला ‘काय टिकलं’ आणि दुसऱ्या बाजूला ‘काय पडलं’ असं लिहीत जा. क्लासच्या नोट्समध्ये हे मिळणार नाही. काही अडलं तर विचारा, मी उत्तर देईन.